दाजींची झीलमशीन

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, त्याचा आनंद झालेला एकच माणूस आमच्या उमरगा तालुक्यात होता, आणि नशीब आमचं, तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता.

आनंद म्हणजे अगदी उघड आनंद. बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत रांगेत उभ्या, आणि आमचे सुदामदाजी कोरड्या विहिरीच्या काठावर पालथे पडून, आत तोंड घालून ओरडतायत, "कोण हाय?" विहीर म्हणायची, "कोण हाय?" दाजी खूश. उठायचे, धोतर झटकायचे, पुढच्या विहिरीकडं चालायला लागायचे. पाटलाच्या विहिरीतनं आवाज लवकर परत येतो, मळ्यातली विहीर उशीर लावते पण गोल आवाज देते, आणि वेशीजवळची विहीर खोटारडी, एकाचे दोन करून सांगते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एरवी पाटलाच्या विहिरीच्या काठाला आम्हा बौद्धवाड्यातल्या माणसांना उभं करत नव्हते. आटल्यावर कोण अडवतो? दाजी म्हणायचे, "दुष्काळानं येवढं तरी बरं केलं, पाव्हणं."

एकदा एका म्हातारीला वाटलं, हा माणूस जीव देतोय. ती बोंबलत गावात गेली आणि अर्धं गाव दोर घेऊन धावत आलं. दाजी काठावर मांडी घालून बसलेले. म्हणाले, "बरं झालं आलात. आता सगळे मिळून एकदा वरडा बरं."

मी धाकटा मेहुणा, म्हणून मला 'पाव्हणं'. मेहुण्यानं दाजींची थट्टा करायची ही जगाची रीत आहे, पण आमच्या दाजींची थट्टा करायला सवडच मिळायची नाही. मुरुमच्या बाजारात त्यांचं रेडिओ रिपेरीचं पत्र्याचं दुकान होतं. हात चांगला, पण रेडिओ दुरुस्त करून गप्प बसतील तर ते दाजी कसले. एका मास्तरांच्या रेडिओला त्यांनी न विचारता दुसरा स्पीकर जोडला, आणि तो नेऊन बसवला कुठं, तर शेजारणीच्या घरात. का, तर ती दारात उभी राहून चोरून ऐकत होती. मास्तर भांडायला आले तर दाजी म्हणाले, "तुमचा आवाज कमी झाला का? न्हाय ना? मग?" काहीही बिघडलं तरी ते माणसाचा दोष काढायचे, यंत्राचा कधीच नाही. "मशीन चुकत न्हाय, पाव्हणं. माणूस चुकतंय." हे ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

आता आमच्या पार्टीबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या वडिलांची, अण्णांची, गायनपार्टी होती. जयंतीला, लग्नाला, कुठं विहाराची पायाभरणी असली तर तिथं गायची. मी दिवसभर सोसायटीत क्लार्क आणि संध्याकाळी पार्टीत पेटी वाजवणारा. अण्णा गेल्यावर पुढं उभं राहून गायला कुणी नव्हतं, तर माझी थोरली बहीण, म्हणजे दाजींची बायको, रुक्मिणआक्का, उभी राहिली. बाईमाणूस पार्टीची म्होरकी, हे पुष्कळांना खुपलं. पण आक्कानं पहिली ओळ टाकली की ज्यांना खुपायचं ते सुद्धा पुढं सरकून बसायचे. जयंतीच्या मिरवणुकीपुढं गायचा मान, त्याला आमच्याकडं 'बारी' म्हणतात, तो दरवर्षी सामन्यात ठरायचा, आणि अण्णा गेल्यापासून तो आक्काकडंच होता.

आक्का ओळ टाकायची आणि मागचे तिघं ती उचलून परत म्हणायचे. त्याला झील धरणं म्हणतात. गाणाऱ्याला दम घ्यायला मिळतो आणि ऐकणाऱ्याच्या काळजात ओळ बसते. झील नसली तर गाणं उघडं पडतं. आमचे झीलकरी तिघं, नामदेव, किसन आणि बाबू. नामदेवाचा आवाज भारदस्त, किसनचा पातळ, आणि बाबू जन्मात कधी वेळेवर आला नाही, गाण्यातसुद्धा अर्धा श्वास मागंच. दुष्काळ पडला आणि नामदेव खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेला, किसन पुण्याला गेला, बाबू कुठं गेला ते त्याच्या बायकोलाही नीट सांगता येईना. जयंती तोंडावर आली आणि आक्काच्या मागं कुणी उरलं नाही.

जयंतीच्या कमिटीचे भिकाजीकाका घरी आले. चांगला माणूस, पण बाईनं गाणं त्यांना पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. म्हणाले, "रुक्मिण, झील न्हाय तर पार्टी कशाची? यंदा सामन्यात उभी र्‍हा, माजी ना न्हाय. पण हरलीस तर पार्टी सोडून द्यायची. अण्णाचं नाव दुसरं कुणीतरी चालवंल. तू घर बघ." चारचौघांसमोर बोलले. आक्का म्हणाली, "बरं." दुसरं काय म्हणणार होती? ते गेल्यावर ती परातीतलं पीठ मळत बसली, मळून झालं तरी मळतच राहिली. माझी बहीण रडणाऱ्यातली नाही. पण गाणं गेलं असतं तर ती आतून संपली असती, हे मला दिसत होतं.

दाजी कोपऱ्यात बसून ऐकत होते. जरा वेळानं म्हणाले, "झील म्हंजे काय? आपलंच आपल्याला माघारी ऐकू येणं. आटलेली हीर बी करतीया. मग मशीन का करणार न्हाय?"

मी कपाळावर हात मारला.

उमरग्याला हायवेवर एक ट्रकवाला त्यांच्या ओळखीचा होता. त्यानं हैदराबादच्या जुन्या बाजारातनं एक स्पूलचा टेपरेकॉर्डर आणून दिला, सुटकेसएवढा, झाकण नसलेला. दाजींनी त्याची फीत कापली आणि तिचं टोक टोकाला चिकटवून मोठं कडं केलं. ते कडं मशीनमधनं निघायचं, दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या बॉबिनवरनं वळायचं, कणगीला वळसा घालायचं आणि परत मशीनमध्ये जायचं. एका जागी आवाज फितीवर चढायचा, आणि फीत फिरून आली की पुढच्या जागी तो ऐकू यायचा. कडं लांब तर आवाज उशिरा, कडं आखूड तर लवकर. बॉबिनी आक्काच्या शिलाई मशीनच्या होत्या, हे वेगळं सांगायला नको. तिचं शिवणकाम बंद पडलं. आम्ही आपल्याच घरात वाकून चालायला लागलो.

आवाज काढणारी हेडं त्यांनी एकाला तीन बसवली, पाठोपाठ, आणि त्यांना नावं दिली. हा नामदेव, हा किसन, हा बाबू. बाबूचं हेड मुद्दाम जरा लांब बसवलेलं. मी म्हणालो, "दाजी, मशीनच करताय तर तिघांना एकदम तरी येऊ द्या." ते म्हणाले, "एकदम आले तर लोक म्हणतील मशीन हाय. बाबू मागं र्‍हायला की मग माणसं वाटतात." सकाळी उठून स्पिरिटच्या बोळ्यानं तिघांना पुसायचे. "किसनला आज खोकला हाय." "नामदेवानं रात्री काय खाल्लंय कुणास ठाऊक." एकटेच बसून त्यांच्याशी बोलायचे. नामदेव आणि दाजी रोज संध्याकाळी एका बाकड्यावर बसायचे, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं, पण मला फक्त राग येत होता.

पहिल्यांदा मशीन चाललं तेव्हा आक्का स्वयंपाकघरातनं म्हणाली, "अवं, पाणी संपलंय, उठा की आता." मशीन तिन्ही आवाजात म्हणालं, पाणी संपलंय, उठा की आता. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. रांजणात मात्र आलं नाही, ते मलाच आणावं लागलं.

तालमी सुरू झाल्या आणि माझी झोप उडाली. फितीचा जोड मध्येच सुटायचा. लाइट कमी झाली की मशीन मंद व्हायचं आणि आक्काचा आवाज म्हशीसारखा यायचा. दाजी म्हणायचे, "मशीनचं काय न्हाय, लाइटच अशक्त हाय." मी एकदा चिडून म्हणालो, "दाजी, हा खेळ नाही. तिची पार्टी जाईल." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मला म्हाईत हाय," म्हणाले, आणि जोडावर फुंकर घालत बसले. आक्का मात्र जोड सुटला की थांबायची, बांधला की पहिल्यापासून गायची.

सामना मुरुमच्या बाजारमैदानात, दुपार उतरताना होता. दिवसा लाइट जरा बरी असायची म्हणून. दोन बाजूंना दोन स्टेज, मध्ये माणसं. दोन्हीकडच्या माइकला ॲम्प्लिफायर एकच, आणि तो आमच्या बाजूला, दाजींच्या ताब्यात; फितीचं कडं आमच्या स्टेजमागच्या बांबूंवर ताणलेलं.

सामन्याची एक रीत सांगायला हवी. समोरच्याची झील आपण धरायची नाही. धरली तर त्याला मानलं असं होतं, आपली हार तिथंच झाली, मग पुढं गायचं कारण नाही. त्यामुळं समोरचा चांगलं गायला लागला की झीलकऱ्यांचे लई हाल. ओठावर येते की ओळ. अण्णांच्या काळी किसनला एकदा अशी उबळ आली होती, तेव्हापासून समोरच्याची पाळी आली की अण्णा तिघांच्या तोंडात पान कोंबायचे. दाजींनी मशीनला त्यासाठी एक बटण बसवलं होतं. समोरचा गात असताना बटण खाली, म्हणजे मशीन ऐकत नाही. ते म्हणायचे, "हे मशीनचं पान."

समोर यंदा होते गेनू शाहीर. सीमेकडच्या गावचे, सत्तरी गाठलेले. अण्णासुद्धा ज्यांना वचकून असायचे, असा माणूस. पण ते आले तेव्हा मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यांच्याबरोबर फक्त एक ढोलकीवाला होता. झील धरणारे त्यांचे दोन मुलगे होते, ते काम शोधत मुंबईकडं गेलेले. वयाकडं बघून कमिटीनं म्हाताऱ्याला एकट्यालाच गाऊ दिलं. मी मनात म्हणालो, मशीननं तेवढी अब्रू राखली की बारी आपली.

आधी आक्काची पाळी. ती उभी राहिली, पहिली ओळ टाकली आणि थांबली. मैदान गप्प. पेटीवर माझी बोटं घामानं सरकायला लागली. काहीच येईना. तेवढ्यात नामदेव आला, त्याच्या पाठोपाठ किसन, आणि मागनं रेंगाळत बाबू. लोकांनी आधी स्टेजच्या मागं वाकून बघितलं, कोण लपलंय म्हणून. कुणी नाही म्हटल्यावर टाळ्या पडायला लागल्या. तिसऱ्या गाण्याला लाइट दबली. मशीन मंद व्हायला लागलं तसं दाजींनी बोट लावून मशीनचं चाक हातानं फिरवायला सुरुवात केली. बरोब्बर त्याच चालीनं. त्यांच्या कपाळावरची शीर मला पेटीपासनं दिसत होती. गाणं संपलं, लाइट वर आली आणि मी श्वास सोडला. भिकाजीकाकांचं तोंड कडू झालं होतं. आता फक्त म्हाताऱ्याची पाळी तेवढी जायची होती.

दाजींनी बटण खाली केलं. मी स्वतः बघितलं.

गेनू शाहीर उभे राहिले. आवाज फाटला होता, पण धार होती. ओळ टाकली. मागनं काही नाही. ढोलकीवाल्यानं दोन थापा जास्त मारून जागा भरली. दुसरी ओळ. मागनं काही नाही. लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी बिडी पेटवायला उठलं. म्हाताऱ्यानं दम न घेता स्वतःचीच ओळ स्वतः उचलली, तर त्याला खोकला आला. मी पेटीचा भाता बंद करून ठेवला. झालंच होतं आमचं काम.

त्यांनी पुढची ओळ टाकली आणि ती परत आली.

आधी एक गेनू शाहीर, मग दुसरा, मग मागनं रेंगाळत तिसरा. सगळं मैदान वळून आमच्याकडं बघायला लागलं. मी पेटी सोडून मागं धावलो. "दाजी, बटण. बटण वर आलंय." दाजींनी वर आलेल्या बटणावर तळवा आडवा धरला होता, कुणी ते खाली करू नये म्हणून. मी तो उचलायला गेलो तर हलेना. माझ्याकडं न बघता म्हणाले, "र्‍हाऊ दे."

म्हातारा क्षणभर थबकला. मग छाती वर करून पुढची ओळ अशी टाकली, की बिडी पेटवायला उठलेला माणूस काडी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मशीननं ती धरली. त्यानं आणखी वरची टाकली, मशीननं तीही धरली. तो शेवटपर्यंत गायला. मी आक्काकडं बघितलं. ती खाली मान घालून ऐकत होती, आणि तिचे ओठ गच्च मिटलेले होते.

गाणं संपताच भिकाजीकाका उठले. "झील धरली. हार झाली. ठरल्यापरमानं पार्टी सोडायची." मग जो कालवा झाला तो झाला. कुणी म्हणालं, मशीन पार्टीची, म्हणजे पार्टीनंच धरली. कुणी म्हणालं, मशीन मानते म्हणून माणूस मानतो का? बैल दुसऱ्याच्या दावणीला गेला तर मालक गेला असं होतं का? एक जण म्हणाला, मशीनला पंचासमोर उभं करा. मला हसू येण्याच्या पलीकडं गेलं होतं. आक्काची पार्टी त्या गोंधळात लोंबकळत होती.

दाजी स्टेजवर आले. आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मशीन बिघडली. बटण लूज हुतं. काम माजं, चूक माजी. पार्टीचा आन रुक्मिणचा काय संबंध न्हाय."

हशा पिकला. लोक पोट धरून हसले. गेनू शाहीर समोरनं म्हणाले, "बाईनं मला मानलेलं न्हाय, त्वांडसुदिक उघडलं न्हाय. मशीननं मानलं. मशीनचा मान घ्यायला माजी ना न्हाय." त्यावर आणखी हशा. अखेर पंचांनी ठरवलं की यंदाची बारी शाहिरांना, पार्टी आक्काकडंच, आणि ते मशीन व त्याचा मालक दोघांनी पुन्हा स्टेजवर चढायचं नाही.

त्या दिवसापासून दाजींचं नाव पडलं ते पडलंच. दुश्मनाचा झीलकरी. बाजारात पोरं विचारायची, "दाजी, आज कुणाची झील?" गिऱ्हाईक रेडिओ देताना म्हणायचं, "माझ्या सेटवर शेजाऱ्याच्या बातम्या नको लागायला." दाजीही हसायचे. पुढं पाऊस झाला, नामदेव आला, किसन आला, बाबूही उशिरा का होईना आला. आक्का पुष्कळ वर्षं गायली. दाजी प्रत्येक जयंतीला मंडपाच्या शेवटी, खांबाला टेकून बसायचे. कुणाला कधी काही सांगितलं नाही. आता ते नाहीत, म्हणून मी सांगतो.

त्या संध्याकाळी बैलगाडीतनं येताना मी त्यांना मेहुण्यानं बोलू नये ते सगळं बोललो. त्यांनी मशीनला गोधडीत गुंडाळून मांडीवर धरलं होतं. घरी आल्यावर आक्का चुलीपुढं बसली आणि तिनं शांतपणे विचारलं, "बटण लूज न्हवतं ना?"

"न्हवतं."

"मग?"

दाजी पायाचा अंगठा चोळायला लागले. "म्हातारा ओळ टाकायचा आन माघारी वळून बघायचा. पोरं मागं हायत असं वाटायचं त्येला. कुणी न्हाय म्हणल्यावर पुन्यांदा म्होरं बघायचा. फुडच्या ओळीला पुन्यांदा वळायचा. तुमी समदे त्येचं गाणं ऐकत हुता. म्या त्येची मान बघत हुतो. न्हाय बघवलं मला."

आक्का म्हणाली, "मग मला एक खूण करायची. म्या न्हाय म्हणले असते व्हय?"

"न्हाय म्हणली नसतीस, म्हणून तर केली न्हाय," दाजी म्हणाले. "तू व्हय म्हणली असतीस, आन हार तुजी झाली असती. भिकाजीकाका त्येवढ्यालाच बसला हुता. येड्याच्या मशीननं घोटाळा केला म्हणल्यावर कुणाचं काय जातंय? हसतील चार दिस."

आक्कानं चुलीत दोन काटक्या सारल्या आणि चहाचं भांडं ठेवलं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दिवसातनं एकदाच चहा व्हायचा, आणि तो सकाळीच होऊन गेला होता.